सिसिलीचं खाणं, वाइन आणि सणवार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिसिलीला जायचं ठरवलेले, तिथल्या पदार्थांबद्दल कुठेतरी वाचलेले किंवा नुसतेच कुतूहल असलेले लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काही लांबतात. ज्या गोष्टींमुळे हे बेट मला इतकं जवळचं वाटतं, तिथे हात आखडता घेतलेला नाही.

सिसिली इटलीतच आहे ना? मग तिथलं खाणं वेगळं का म्हणतात?

इटलीत आहे, पण १८६१ पासून. त्याआधी अडीच हजार वर्षं या बेटावर कोणी ना कोणी बाहेरून येत राहिलं. इ.स.पू. ७३४ च्या सुमारास ग्रीकांनी सिराकुसा वसवलं, पश्चिमेकडे फिनिशियन होते, मग रोमन आले, बायझंटाइन आले. ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतून निघालेलं मुस्लिम सैन्य माझाराला उतरलं. १०७२ मध्ये नॉर्मनांनी पालेर्मो, म्हणजे आजची सिसिलीची राजधानी, घेतलं. त्यांच्यामागून जर्मन घराणं, फ्रेंच, आणि मग कित्येक शतकं स्पॅनिश. राज्यकर्ते गेले, पण त्यांची पिकं आणि रांधायच्या तऱ्हा मागे राहिल्या.

म्हणून उत्तर इटलीचं लोणी आणि साय डोक्यात ठेवून इथे जेवायला बसू नका. इथे राज्य ऑलिव्ह तेलाचं. मेंढीच्या दुधाचा पनीरसारखा मऊ रिकोटा, बदाम, मनुका, चिलगोजासारखे पाइनचे दाणे, केशर, रानबडीशेप, केपरच्या खारवलेल्या कळ्या आणि समुद्रातून आलेलं काहीही. आंबट-गोड चव तर इतकी मुरलेली की भाजीत साखर आणि व्हिनेगर एकत्र पडलं तरी कोणाला नवल वाटत नाही.

पास्त्याबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारातल्या अल-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथे वाळवलेल्या शेवया मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि जहाजं भरभरून बाहेर जातात, असं तो लिहितो. मार्को पोलो जन्मायच्या शंभर वर्षं आधीची ही नोंद. त्याने चीनमधून पास्ता आणला ही दंतकथा तिथेच निकालात निघते.

सिसिलीच्या स्वयंपाकाचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून लावलेला नाही. वांगं आपल्या भागातलं. तीळ भारतीय उपखंडातला. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करायची विद्या भारतात घडली आणि इराणमार्गे अरबांकडे गेली. लिंबू-संत्र्याच्या कुळाची मुळंही ईशान्य भारत आणि त्यापलीकडच्या डोंगराळ पट्ट्यात शोधली जातात. अरबी राजवटीत ऊस, वांगी आणि आंबट फळं सिसिलीत रुजली, आणि त्यासोबत पाणी साठवायची, पाट काढून खेळवायची पद्धत आली. पालेर्मोभोवतीच्या बागा त्याच पाण्यावर वाढल्या.

आज पालेर्मोच्या पावावर तिळाचा जाड थर दिसतो, पूर्व किनाऱ्यावरच्या कातानिया शहरात वांग्याशिवाय पान हलत नाही, आणि बेटावरची सगळी मिठाई साखरेवर उभी आहे. भारतीय माणसाला हे जेवण पहिल्या घासात परकं का वाटत नाही, याचं बरंचसं उत्तर या यादीत आहे.

इतकं सुपीक बेट, मग तिथले प्रसिद्ध पदार्थ ‘गरिबांचे’ का म्हणतात?

या स्वयंपाकाची किल्ली याच प्रश्नात आहे, असं मला वाटतं.

सिसिली हे रोमचं धान्याचं कोठार होतं. पुढेही शतकानुशतकं आतल्या टेकड्यांवर गहूच गहू पिकला. पण जमीन मोजक्या सरदारांची आणि चर्चची. पिकवणारा मजूर गहू कापायचा, तो गहू बंदराकडे जायचा, आणि त्याच्या ताटात फावा वालाचं पिठलंवजा कालवण, रानभाज्या आणि शिळा पाव राहायचा. १८६१ नंतरही हे फारसं बदललं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लाखो सिसिलियन न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स, ब्वेनोस आयरेस आणि ट्युनिसला निघून गेले, ते याच कारणाने.

जे मिळत नव्हतं त्याची चव मिळालेल्या वस्तूंतून काढायची, असा इथल्या बायांचा हिशेब होता. किसलेलं चीज परवडत नाही? शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस भाजा आणि पास्त्यावर भुरभुरवा. सरदारांच्या ताटात बेक्काफिको नावाचा छोटा पक्षी पोटात सारण भरून यायचा. गरिबाने तोच थाट तारलीवर केला: काटा काढायचा, पावाचा चुरा, मनुका आणि पाइनचे दाणे भरून गुंडाळायचं, आणि शेपटी वर ठेवून भाजायचं, म्हणजे पक्षी बसल्यासारखा दिसतो. पदार्थाचं नावच ‘सार्दे आ बेक्काफिको’. पक्षी आता कोणी खात नाही, तारली मात्र प्रत्येक हॉटेलच्या यादीत आहे.

कापोनाताचीही अशीच कथा सांगतात. मूळ पदार्थात कापोने नावाचा मासा आंबट-गोड रसात असायचा. ज्यांना मासा घेता येईना त्यांनी त्याजागी वांगं घातलं. ही व्युत्पत्ती सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पण पदार्थ खाल्ल्यावर पटते. तळलेलं वांगं, सेलरीचे करकरीत तुकडे, हिरवे ऑलिव्ह, केपर, थोडा टोमॅटो, शेवटी साखर विरघळवलेलं व्हिनेगर. गरम खायचं नाही. रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तसंच खायचं.

कातानियाचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ याच घरातला: तळलेली वांगी, टोमॅटो, तुळशीच्या जातीचा बेझिल आणि वरून किसलेला खारवलेला रिकोटा. नाव पडलं ते त्याच शहरात जन्मलेल्या बेल्लिनी या संगीतकाराच्या १८३१ च्या ‘नोर्मा’ या ऑपेरावरून.

पालेर्मोत रस्त्यावर काय खावं?

बाल्लारो, कापो आणि वुच्चिरिया हे तीन जुने बाजार. त्यातला बाल्लारो आजही खऱ्या अर्थाने शहराचं पोट भरतो. विक्रेते गाण्याच्या चालीत आरोळ्या देतात, आणि ती एक कला मानली जाते.

पहिलं खावं ते पानेल्ले. हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, घट्ट झालं की पातळ थापायचं, गार झाल्यावर कापून तळायचं. पाटवडी करणाऱ्या कोणालाही ही कृती पाठ आहे. फरक इतकाच की यात हळद-तिखट नाही, फक्त मीठ, मिरी आणि पार्स्ली. गाडीवाला कढईतून सात-आठ पानेल्ले झाऱ्याने उचलतो, तेल निथळू देतो, तिळाचा गोल पाव मधोमध कापून त्यात सरकवतो, वर मीठ आणि लिंबू पिळतो. कागदात गुंडाळून हातात. सोबत बटाट्याचे लांबट ‘काझ्झिल्ली’ मागितले तर तेही त्याच पावात येतात.

मग स्फिंचोने, म्हणजे जाड मऊ पावावर कांदा, टोमॅटो, अँचोव्ही मासा आणि काचोकावाल्लो चीज. अमेरिकेत ‘सिसिलियन पिझ्झा’ म्हणून जी चौकोनी जाड पिझ्झा मिळते, तिचं माहेर हेच.

मांसाहारी असाल आणि पोट धीट असेल तर ‘पानी का मेउसा’: वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून डुकराच्या चरबीत परततात आणि पावात भरतात. नुसतं लिंबू पिळलं तर ‘अविवाहित’, वर रिकोटा किंवा चीज घातलं तर ‘विवाहित’. आणि संध्याकाळी धुराचे लोट दिसले तर तिथे स्तिग्गिओला भाजत असतात, म्हणजे कांद्याच्या पातीभोवती गुंडाळलेली कोकराची आतडी. यात गोमांस कशात आहे हे आधी विचारून घ्या. विक्रेते नीट सांगतात.

आरांचिना की आरांचिनो?

पालेर्मोत आरांचिना, आकार गोल. कातानियात आरांचिनो, आकार बहुधा टोकदार, एटना ज्वालामुखीच्या सुळक्यासारखा. दोन्हींत केशर घातलेला भात, आत खिमा-वाटाण्याचा रस्सा, बाहेर पावाचा चुरा, आणि मग तळण. ज्या शहरात उभे आहात त्या शहराचं नाव वापरा. लोक यावर खरोखर हळवे आहेत.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

अजिबात नाही. इटलीत शाकाहाऱ्याला सुखाने जेवता येईल असा दुसरा प्रांत मला तरी सुचत नाही. पानेल्ले, कापोनाता, नोर्मा पास्ता, फावाचं ‘माक्कू’, संत्र्याच्या फोडी आणि बडीशेपेच्या कंदाची कोशिंबीर, भरलेले आर्टिचोक. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्रापानी शहराचा पेस्तोही: बदाम, कच्चे टोमॅटो, लसूण आणि बेझिल खलबत्त्यात कुटून.

पण चार ठिकाणी सावध राहा. एक, अँचोव्ही मासा विरघळून जातो आणि दिसत नाही. पास्ता, स्फिंचोने आणि भरलेल्या भाज्यांत तो सर्रास असतो. दोन, ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी. कान्नोली या मिठाईचं नळकांड्यासारखं कवच, काही पाव आणि काही ठिकाणचं तळण त्यात होतं. तीन, पेकोरिनो किंवा काचोकावाल्लोसारखी पारंपरिक चीज कोकराच्या किंवा वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. चार, भाजीचं सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजतं.

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा स्त्रुत्तो’, म्हणजे मांस नको, मासा नको, चरबी नको, असं तिन्ही सांगा. छोट्या खानावळीत मालकीणबाई स्वतः बाहेर येऊन काय करून देता येईल ते सांगतात. जैन पद्धतीचं जेवण कठीण आहे, कारण कांदा-लसूण पायाशीच असतो. तेव्हा फळं, पाव, ऑलिव्ह आणि पानेल्ले हाच आधार.

मासे खाणाऱ्यांनी काय चुकवू नये?

पालेर्मोचा तारलीचा पास्ता, ‘पास्ता कोन ले सार्दे’. ताजी तारली, रानबडीशेपेची कोवळी पानं, मनुका, पाइनचे दाणे, केशर, वर भाजलेला पावाचा चुरा. मार्च ते सप्टेंबर हा त्याचा काळ. मासा न मिळालेल्या घरात उरलेलं सगळं तसंच घालून पास्ता करत आणि म्हणत, आमच्या तारल्या अजून समुद्रातच आहेत. हा मासे नसलेला प्रकारही त्याच नावाने आजतागायत चालू आहे.

दुसरा पदार्थ त्रापानीचा कुसकुस. ट्युनिशिया इथून समुद्रमार्गे जवळ, दोन्हीकडच्या कोळ्यांची ये-जा जुनी. बाजारात मिळणारा तयार कुसकुस आणि हा, यांत जमीन-अस्मानाचा फरक. माफाराद्दा नावाच्या पसरट, उतरत्या काठांच्या मातीच्या परातीत रवा घेतात. एका हाताने मिठाच्या पाण्याचे थेंब शिंपडायचे, दुसऱ्या हाताची बोटं गोल फिरवत राहायचं. रवा हळूहळू दाण्याला दाणा धरतो. घाई केली की गोळे होतात, पाणी कमी पडलं की पीठच राहतं. हे दाणे तेल, कांदा, तमालपत्राबरोबर छिद्रांच्या भांड्यात दीड-दोन तास वाफवतात. वरचं आणि खालचं भांडं जिथे जुळतं तिथे कणकेची पट्टी लावून वाफ अडवतात. मग माशांचा गरम रस्सा ओतून, भांडं लोकरीच्या पांघरुणात गुंडाळून तासभर ठेवून देतात. सान व्हितो लो कापो या गावात १९९८ पासून दर सप्टेंबरात कुसकुसचा महोत्सव भरतो आणि भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवरचे आचारी तिथे येतात.

गोड काय काय?

पुष्कळ. पहिला नियम कान्नोलोचा: कवच आधीच भरून ठेवलेलं असेल तर घेऊ नका. पिठात मार्साला वाइन घालून केलेलं हे तळलेलं नळकांडं रिकोटाच्या ओलाव्याने अर्ध्या तासात मऊ पडतं. चांगला दुकानदार ऑर्डर दिल्यावरच भरतो. रिकोटा मेंढीचा, म्हणून थंडी आणि वसंत हा खरा हंगाम. उन्हाळ्यात कुरणं सुकतात आणि दूध आटतं.

कास्साता हा ईस्टरचा थाट. स्पंज केक, गोड रिकोटा, भोवती बदामाचा हिरवा पट्टा, वर साखरेचा थर आणि पाकवलेली फळं. फार गोड लागतं. एक तुकडा दोघांत पुरतो. मिठाईची बरीचशी परंपरा मठांतल्या जोगिणींनी जपली. पालेर्मोच्या मार्तोराना मठावरून बदामाच्या खोट्या फळांना नाव मिळालं, आणि सांता कातेरिनाच्या जुन्या मठात आजही जोगिणींच्या कृतींनी केलेली मिठाई विकत मिळते.

मोदिका या गावचं चॉकलेट पहिल्यांदा खाताना दाताखाली साखर कचकचते. ते तसंच असायला हवं. कोकोची लगदी कमी आचेवर सैल करून त्यात साखर घालतात. उष्णता इतकी कमी की साखर विरघळतच नाही. दूध नाही, वरून लोणी नाही. अमेरिकेतून कोको आणणाऱ्या स्पॅनिशांनी ही पद्धत इथे पोचवली असं मानतात. २०१८ मध्ये त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं.

ब्रोंतेचा पिस्ता एटनाच्या लाव्ह्यावर उगवतो, तोडणी एक वर्षाआड होते, आणि तीही हाताने, कारण काळ्या दगडांवर यंत्र चालत नाही. साहजिकच महाग. स्वस्त ‘ब्रोंते पिस्ता’ दिसला तर शंका घ्या.

आणि ग्रानिता. ही उन्हाळ्यातली न्याहारी आहे, जेवणानंतरचं गोड नव्हे. पूर्वी एटनाचं बर्फ गुहांत साठवून उन्हाळ्यात खेचरांवरून खाली आणत. आता यंत्राने होते, पण बदाम, लिंबू, तुती, कॉफी याच चवी टिकून आहेत. वर केसांच्या अंबाड्यासारखा गोळा असलेला गोल ब्रियोश पाव सोबत येतो. आधी तो अंबाडा तोडून ग्रानितात बुडवायचा.

वाइनमधलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

लाल हवी असेल तर नेरो दाव्होला. गडद, भरदार, समजायला सोपी. तिच्यात फ्राप्पातो नावाचं हलकं, स्ट्रॉबेरीसारख्या वासाचं द्राक्ष मिसळलं की चेराझुओलो दि व्हित्तोरिया होते. सिसिलीतली सर्वोच्च दर्जाची, ‘डीओसीजी’ मानांकनाची ही एकच वाइन, २००५ पासून. माशांबरोबर पांढरी ग्रिल्लो घ्या.

पण थोडा वेळ देणार असाल तर एटनाच्या वाइनपासून सुरू करा. ३,३०० मीटरहून उंच असलेला हा जागता ज्वालामुखी. त्याच्या उतारावर जवळजवळ हजार मीटरपर्यंत द्राक्षाच्या बागा आहेत, काळ्या लाव्ह्याच्या दगडांनी रचलेल्या पायऱ्यांवर. वेल तारांवर नाही, एकेका खुंटावर झुडपासारखी वाढवतात. जमीन वाळूसारखी भुसभुशीत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या बागा खाऊन टाकणारी फायलोक्झेरा कीड इथे सगळीकडे पोचू शकली नाही. शंभरी ओलांडलेल्या वेली अजून फळतात. लाल द्राक्ष नेरेल्लो मास्कालेझे, पांढरं कार्रिकांते. नेरेल्लोची लाल वाइन रंगाने फिकी, पण जिभेवर धार असलेली, किंचित धुरकट. बाटली बदलली की उताराची बाजू बदलल्याचं कळतं. १९६८ मध्ये मानांकन मिळालेली एटना ही सिसिलीची पहिली वाइन, तरी जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं ते या शतकातच. उत्तर उतारावरच्या रांदाझ्झो, कास्तिल्योने आणि लिंग्वाग्लोस्सा या गावांत छोटे उत्पादक आधी कळवलं तर बाग दाखवतात.

मार्साला ही स्वयंपाकात घालायची वाइन ना?

तो तिच्यावर झालेला अन्याय आहे. जॉन वुडहाउस हा इंग्रज व्यापारी १७७३ मध्ये इथली वाइन इंग्लंडला पाठवताना वाटेत टिकावी म्हणून तिच्यात मद्यार्क घालू लागला. पुढे ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनने आपल्या जहाजांसाठी ती मागवली आणि नाव झालं. १८३३ मध्ये फ्लोरिओ घराणं या धंद्यात उतरलं. विसाव्या शतकात अंडी, कॉफी घातलेले स्वस्त प्रकार निघाले आणि प्रतिष्ठा ढासळली. चांगली मार्साला प्यायची असेल तर बाटलीवर ‘व्हेर्जिने’ पाहा: किमान पाच वर्षं लाकडी पिंपात मुरलेली, कोरडी, अक्रोड आणि वाळलेल्या जर्दाळूच्या वासाची. मद्यार्क १८ टक्के किंवा थोडा जास्त, तेव्हा लहान पेल्यातच.

पांतेल्लेरिया बेटाची पास्सितो हा तिचा गोड शेजारी. झिबिब्बो द्राक्षं उन्हात वाळवून केलेली. वारा इतका की वेली जमिनीत खळगा करून त्यात लावतात. या लागवडीला युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त वारशाचा मान दिला.

कोणते सण पाहावेत? आणि त्यांत खायचं काय?

इथे देवाचं आणि पोटाचं नातं उघड आहे. १३ डिसेंबर, संत लुचिया. १६४६ च्या दुष्काळात तिच्या दिवशी गव्हाने भरलेलं जहाज बंदराला लागलं, आणि उपाशी लोकांनी दळायलाही न थांबता गहू तसाच उकडून खाल्ला, अशी आख्यायिका. त्या आठवणीने पालेर्मो या दिवशी पाव आणि पास्ता खात नाही. उकडलेल्या गव्हात गोड रिकोटा घालून ‘कुच्चिया’ करतात, आणि बाकी दिवस आरांचिने नि पानेल्लेवर.

१९ मार्च, संत जोसेफ. सालेमी गावात पावाच्या शिल्पांनी मढवलेल्या वेदी उभारतात. मोर, सूर्य, सुतारकामाची हत्यारं, सगळं कणकेचं. परंपरा अशी की गावातल्या गरिबांना येशू, मारिया आणि जोसेफ म्हणून पाटावर बसवून आधी जेवू घालायचं.

३ ते ५ फेब्रुवारीला कातानियात संत आगाता. पांढरे अंगरखे घातलेले हजारो लोक चांदीचा रथ दोर ओढून शहरभर फिरवतात. गुड फ्रायडेला त्रापानीत वीस मूर्तिसमूहांची मिरवणूक दुपारी निघते ती दुसऱ्या दिवशी दुपारी परतते.

पालेर्मोची स्वतःची संत रोझालिया, उत्सव १४ जुलैच्या रात्री. १६२४ च्या प्लेगमध्ये तिच्या अस्थी सापडल्या, त्या शहरातून मिरवल्या आणि साथ ओसरली, अशी श्रद्धा. गोगलगायी आणि कलिंगडाचे ढीग हे त्या रात्रीचं खाणं. मला विशेष वाटतं ते हे की पालेर्मोत स्थायिक झालेले श्रीलंकेचे तमिळ हिंदूही मोंते पेलेग्रिनो डोंगरावरच्या तिच्या गुहेत नेमाने दर्शनाला जातात.

२ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. त्या पहाटे मुलांना खेळणी आणि मिठाई मिळते, ती घरातल्या गेलेल्या माणसांनी रात्री येऊन ठेवलेली असते. साखरेच्या रंगीत बाहुल्या आणि बदामाची फळं त्याच दिवसांत दुकानांत मांडतात. लहान मुलाला मृत आजोबांची भीती वाटू नये, त्यांची वाट पाहावी, यासाठी यापेक्षा सुंदर रीत मी ऐकलेली नाही.

कठपुतळ्यांचा खेळ पाहण्यासारखा आहे का? भाषा तर कळणार नाही.

नक्की पाहा. मध्ययुगीन सम्राट शार्लमेनचे शूर सरदार ओर्लांदो आणि रिनाल्दो, सुंदर आंजेलिका, राक्षस, युद्ध, विश्वासघात. डोळ्यांना सगळं कळतं. पालेर्मोच्या बाहुल्या ८०-९० सेंटीमीटरच्या, गुडघे वाकणाऱ्या, तलवार म्यानातून उपसणाऱ्या. कातानियाच्या सव्वा मीटरपर्यंत, ताठ पायांच्या, वजन तीस किलोच्या घरात, तलवार कायम हातात. दोऱ्यांऐवजी मुख्य भार लोखंडी सळयांवर, म्हणून हालचालीत जोर येतो. लढाई रंगली की खेळवणारा लाकडी तळव्याची चप्पल घातलेला पाय फळीवर आपटून ताल धरतो आणि चिलखतं एकमेकांवर आदळतात. युनेस्कोने २००१ मध्ये या कलेला मान्यता दिली. पालेर्मोत आंतोनिओ पास्क्वालिनो संग्रहालय आहे, आणि मिम्मो कुतिक्कियो यांच्या घराण्याचा रंगमंचही.

माफियाची भीती आहे का?

पर्यटकाला नाही. पण माफियाच्या नावाचे टी-शर्ट आणि बाहुल्या घेऊ नका, ही कळकळीची विनंती. १९९२ मध्ये न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने २३ मे रोजी आणि पाओलो बोर्सेल्लिनो १९ जुलैला बॉम्बस्फोटांत मारले गेले. पालेर्मोच्या विमानतळाला त्या दोघांचं नाव आहे. २००४ मध्ये काही तरुणांनी माफियाच्या खंडणीविरोधात रातोरात शहरभर स्टिकर चिकटवले आणि ‘आद्दिओपित्सो’ ही चळवळ उभी राहिली. ज्या दुकानाच्या दारावर तिचं चिन्ह दिसेल तो दुकानदार खंडणी देत नाही. जेवायला, खरेदीला तिथेच जा. १९९६ च्या कायद्याने माफियाकडून जप्त झालेली शेतं सहकारी संस्थांना मिळतात, आणि ‘लिबेरा तेर्रा’ या नावाने त्या जमिनीवरचा पास्ता, तेल, वाइन बाजारात येते.

कधी जावं, कसं जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला आफ्रिकेतून येणारा शिरोक्को वारा अंग भाजून काढतो. रोम-मिलानहून पालेर्मो किंवा कातानियाला विमानं आहेत, पण वेळ असेल तर रेल्वेने जा: मेसिनाच्या सामुद्रधुनीवर पूल नाही, म्हणून गाडीचे डबे जहाजात चढवून पलीकडे नेतात. दुपारी एक ते चार बहुतेक दुकानं बंद. रात्रीचं जेवण आठच्या आधी मिळणं कठीण. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी छोटी रक्कम असते, ती फसवणूक नव्हे.

घरी काय करून बघता येईल?

पानेल्ले. सिसिलीत काबुली हरभऱ्याचं पीठ वापरतात. आपलं बेसन चालतं, चव जरा जास्त खमंग लागते. २५० ग्रॅम पीठ पाऊण लिटर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मीठ-मिरी घाला, मध्यम आचेवर सतत ढवळा. वीसेक मिनिटांनी कडा सुटायला लागल्या की बारीक चिरलेली पार्स्ली घाला. ती नसेल तर कोथिंबीर, पण थोडीच. लगेच, अगदी लगेच, तेल लावलेल्या ताटांच्या पाठीवर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा पातळ पसरा, कारण मिनिटभरात पीठ आळतं. पूर्ण गार झालं की चौकोन कापून कडकडीत तेलात फुगेपर्यंत तळा. लादी पाव चालेल, वर तीळ असलेला मिळाला तर उत्तम. चटणी, केचप काही नको. मीठ आणि भरपूर लिंबू.